कडक माउंटिंगची घाई

दहा-बारा वर्षांची पोलो हौसेने घेऊन ती जिवापाड जपणारी मंडळी पुणे-पिंपरी परिसरात खूप आहेत. चाकणला बनणारी ही गाडी २०२२ मध्ये भारतात बंद झाली, तिच्यावरचा लोकांचा जीव मात्र कमी झालेला नाही. या मंडळींकडून एक प्रश्न फिरून फिरून येतो : इंजिनाची माउंटिंग्ज गेली आहेत, तर त्या जागी बाजारातली पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग्ज बसवू का, आणि हे काम घरच्या पार्किंगमध्ये जमेल का? जमेल, निदान एका माउंटिंगचं तरी नक्की जमेल. कडक बसवावं का, यावर माझं मत ठाम आहे. आधी कंपनीचं साधं, नवं माउंटिंग बसवा. महिना-दोन महिने गाडी चालवा. मग ठरवा.

कडक माउंटिंगची तारीफ सगळ्यांनी ऐकलेली असते. गिअर नीट पडतो, क्लच सोडताना हिसका बसत नाही, पाय दाबला की पिकअप लगेच मिळतो. यातलं काहीच खोटं नाही. पण ही तुलना बहुतेक वेळा चिरलेल्या, दबून बसलेल्या जुन्या रबराशी केलेली असते. अशा रबराच्या जागी कुठलंही धड माउंटिंग बसवलं तरी गाडी सुधारणारच. ती सुधारणा कडकपणामुळे झाली की नवेपणामुळे, हे कळायला मधली पायरी घ्यावी लागते, आणि नेमकी तीच गाळली जाते. मग वर्षानुवर्षं थरथरणारं स्टिअरिंग सहन करायचं आणि ‘एवढं तर होणारच’ अशी स्वतःची समजूत घालायची.

माउंटिंगला एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. इंजिन-गिअरबॉक्सचं वजन पेलून ते जागच्या जागी धरून ठेवायचं, आणि त्याची थरथर बॉडीत उतरू द्यायची नाही. पहिल्या कामाला कडकपणा लागतो, दुसऱ्याला मऊपणा. पूर्वी इंजिन थेट चासीला आवळलेलं असे आणि चार सिलिंडरच्या गाडीत बसणं म्हणजे शिक्षा होती. १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर ‘तरंगतं’ ठेवलं. इंजिन स्वतःच्या नैसर्गिक अक्षाभोवती डोलेल अशा बेताने माउंटिंगच्या जागा निवडल्या. पुढच्याच वर्षी सिट्रोएनने ही पद्धत परवाना घेऊन युरोपात आणली आणि तिची खूण म्हणून गाड्यांवर हंसाचं चिन्ह लावलं. आज आपल्या साध्यातल्या साध्या हॅचबॅकमध्येही जी शांतता असते, तिचं मूळ तिथे आहे. हातातलं रबर काढून फेकण्याआधी त्यामागे केवढा विचार आहे, हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आता पोलोकडेच बघू. २०१३ ला आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, २०२० नंतरच्या टीएसआयमध्ये १ लिटरचं तीन सिलिंडरचं. टॉर्क दोन्हींचा सारखाच, १७५ न्यूटन मीटर. म्हणजे माउंटिंगवर येणारा जोरही साधारण सारखा. हा जोर लहान नसतो. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क दहापटीहून जास्त वाढून चाकांकडे जातो आणि तेवढ्याच जोराने इंजिन-गिअरबॉक्स उलट दिशेला वळू पाहतं. वजन वरची दोन माउंटिंग्ज पेलतात, आणि हे वळणं अडवणारा दांडा गिअरबॉक्सच्या तळाशी असतो. हाडाच्या आकाराचा, म्हणून त्याला सगळे डॉगबोन म्हणतात.

थरथरीचा हिशेब मात्र दोन्ही इंजिनांचा वेगळा आहे. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतंय असं धरा. चार सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, तीन सिलिंडरमध्ये २०. रबरावर बसवलेल्या इंजिनाची स्वतःची एक डोलण्याची गती असते, आणि थरथर त्या गतीच्या किमान १.४ पट वेगाची असेल तरच रबर ती अडवू शकतं. समजा ही गती सेकंदाला १० आहे. माउंटिंगचा कडकपणा दुप्पट केला की ती १४ वर जाते आणि थरथर अडवण्याची हद्द २० वर सरकते. चार सिलिंडरवाला २७ वर आहे, त्याला थोडी जागा उरते. तीन सिलिंडरवाला बरोबर काठावर येऊन उभा राहतो. त्याच्या गाडीत सिग्नलला थांबल्यावर आरसा थरथरतो, दाराचं प्लॅस्टिक वाजतं, आणि मागे बसलेल्या आईला ती थरथर पाठीत जाणवते. तेव्हा मित्राच्या गाडीत छान वाटलं, हा पुरावा तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही. आता तर २०२४ ची स्विफ्टही तीन सिलिंडरची झाली आहे, म्हणजे हा प्रश्न पोलोवाल्यांपुरता राहिलेला नाही.

माउंटिंग खरंच गेलंय का, हे आधी पाहा. थरथर खराब स्पार्क प्लगमुळे, इग्निशन कॉइलमुळे किंवा मळलेल्या थ्रॉटल बॉडीमुळेही येते, आणि त्यावर माउंटिंग बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, समोर कोणाला उभं राहू देऊ नका. गाडी ऑटोमॅटिक असेल तर स्टिअरिंगवर बसलेल्याने ब्रेक घट्ट दाबून ती डीमधून आरमध्ये आणि परत डीमध्ये टाकावी, तुम्ही बाजूने बघा. इंजिन किंचित हलणारच. पण ते उडी मारल्यासारखं वर येऊन ठण्णकन खाली बसलं, तर रबर गेलं. टॉर्च घेऊन वरच्या माउंटिंगखाली पाहा. कित्येक गाड्यांत त्यात द्रव भरलेला असतो, तो फुटला की ब्रॅकेटवरून खाली काळपट, चिकट ओघळ दिसतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून साय धरलेली असते. डॉगबोनच्या मोठ्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या फटी असतात, त्यांना चिरा समजू नका. रबर धातूपासून सुटलंय का, ते पाहायचं.

घरी करायचं ते डॉगबोनचंच काम. त्याच्यावर इंजिनाचं वजन नसतं, म्हणून ते काढलं तरी इंजिन खाली येत नाही. गाडी सपाट जमिनीवर हवी, चाकांना ओट हवी आणि बॉडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकलेली हवी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. वरच्या दोन माउंटिंग्जना हात लावायचा तर इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो. ऑइल चेंबरखाली लाकडाची जाड फळी न ठेवता जॅक लावला तर चेंबर चेपतो. ते काम एकट्याने करू नका, ओळखीच्या मिस्त्रीकडे जा.

बोल्टचं सगळ्यात जास्त सांभाळा. यातले बरेच बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी पाव फेरा ओढायचे असतात. ते ताणले जातात, म्हणून पुन्हा वापरत नाहीत. नवे बोल्ट माउंटिंगसोबतच मागवा. टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा, पण अंदाजाने आवळू नका. गिअरबॉक्सचं घर अॅल्युमिनियमचं असतं, त्यातले आटे एकदा गेले की घरगुती काम हजारोंच्या खर्चात जातं. बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवा, इंजिन हलवून जागेवर येऊ द्या, मगच शेवटचं आवळणं. वाकडं आवळलेलं नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

हे सगळं झाल्यावर, साध्या नव्या रबरावर गाडी चालवूनही हिसका बोचत असेल, तर कडक इन्सर्ट जरूर टाका, पण फक्त डॉगबोनमध्ये. तो त्या रबराच्या फटीत बसतो, वरची दोन माउंटिंग्ज आपलं काम करत राहतात आणि पटलं नाही तर काढताही येतो. घेताना पॉलियुरेथेन कोणत्या जातीचं आहे ते विचारा. पॉलिएस्टर जातीचं दमट, उष्ण हवेत पाण्याने विघटित होतं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने पॉलिइथर जातीचंच घ्यावं, आणि विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान गाठावं. बसवून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा. ५०० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन ती रेघ तुटलीय का एवढंच बघायचं.