सांचोचें करडें गाढव

'डॉन क्विक्झोट'च्या अनेक इंग्रजी भाषांतरांत सांचो पांसाच्या गाढवाचें नांव 'डॅपल', म्हणजे ठिपकेवाला, असें आढळतें. गाढवाच्या रंगावरून वाद कसला घालावयाचा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तो घालणें अवश्य वाटतें. सर्व्हांटिसचा शब्द आहे 'रुसिओ': करडा, भुरकट. त्यांत ठिपके नाहींत. आणि तें विशेषनामही नव्हे! १६०५ सालच्या पहिल्या भागांत धनी आपल्या मरतुकड्या घोड्यासाठीं 'रोसिनांते' हें भारदस्त नांव शोधण्यांत चार दिवस घालवितो. चाकराच्या गाढवाचें बारसें कोणीच करीत नाहीं. धनी-चाकरांतील हें अंतर भाषांतरकारांनीं परस्पर नांव ठेवून पुसून टाकलें. 'आस्नो', 'हुमेंतो' हे गाढवाचे सरळ शब्दही सर्व्हांटिसनें वापरले आहेत. पण चोरीस गेलेलें जनावर परत मिळतांच सांचो त्याचे मुके घेतो, तेव्हां त्याच्या तोंडीं 'रुसिओ'च येतो. साधा रंगवाचक शब्द, पण मायेनें भिजलेला. आमच्या शेतकऱ्याच्या गोठ्यांतला ढवळा बैल असाच 'ढवळ्या' होतो. मराठींत तेव्हां 'करड्या' म्हणावें. 'डॅपल' इंग्रजांस लखलाभ असो.