शिकण्याची वर्षे कोणत्या हिशेबात?

सरकारच्या पैशाने डॉक्टर व्हायचे आणि त्या बदल्यात काही वर्षे सरकारला द्यायची, हा व्यवहार आपल्या व्यवसायात जुना आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, १९६२ पासून एमबीबीएसच्या तुकड्या याच बोलीवर घडत आल्या. राज्याच्या सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांच्या मागे वर्षभराचा बॉण्ड असतो. अमेरिकेत वाढलेल्या आणि तिथलेच नागरिक असलेल्या मराठी मुलांपुढे तिथल्या लष्कराची शिष्यवृत्ती असते. प्रवेशाच्या हंगामात आपल्याकडे सल्ल्याला येणारे पालक दोन प्रश्न हमखास विचारतात: किती वर्षे द्यावी लागतील, आणि मध्येच सोडले तर किती भरावे लागतील? तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि खरे सांगायचे तर आपणही तो सुचवत नाही. शिकण्यात गेलेली वर्षे पुढे नोकरीच्या कोणत्या हिशेबात धरली जातील?

अमेरिकेच्या कायद्यात या प्रश्नाचे बरेच तपशीलवार उत्तर सापडते. ते आपल्या सोयीचे असो वा नसो, वाचण्यासारखे नक्कीच आहे.

अमेरिकेने १९५० पासून डॉक्टरांची सक्तीची लष्करभरती केली. १९५४ पासून ‘बेरी प्लॅन’खाली तरुण डॉक्टरांना आधी रेसिडेन्सी पुरी करून मग सैन्यात येण्याची मुभा मिळाली. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस सक्तीची भरती बंद होणार हे स्पष्ट झाले, तेव्हा लष्करी रुग्णालयांना डॉक्टर कुठून मिळणार हा प्रश्न उभा राहिला. त्यावर सप्टेंबर १९७२ मध्ये एक कायदा झाला आणि त्यातून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट म्हणजे बेथेस्डा येथील लष्कराचे स्वतःचे वैद्यकीय विद्यापीठ. दुसरी म्हणजे ‘हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्रॅम’, म्हणजे एचपीएसपी. या शिष्यवृत्तीत विद्यार्थी कोणत्याही नागरी वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. शिक्षणशुल्क आणि पुस्तके सरकारची, शिवाय दरमहा विद्यावेतन. त्याला राखीव दलात कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा मिळतो आणि वर्षातून ४५ दिवस तो प्रत्यक्ष लष्करी सेवेत असतो. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष सेवा, असा ढोबळ नियम आहे.

आता या चार वर्षांचा हिशेब पाहू. तो एक नाही, चार आहेत.

पहिला हिशेब हुद्द्याचा. वैद्यकीय शिक्षणाची चार वर्षे येथे पूर्ण धरली जातात. म्हणून पदवी घेऊन आलेला डॉक्टर सेकंड लेफ्टनंटपासून सुरुवात न करता थेट कॅप्टन होतो, नौदलात लेफ्टनंट. ही सवलत शिष्यवृत्तीवर अवलंबून नाही. स्वतःच्या पैशाने शिकून आलेल्यालाही ती तशीच मिळते.

दुसरा हिशेब पगाराचा. सेवेची वर्षे वाढतात तसा मूळ पगार वाढतो. या वाढीत शिष्यवृत्तीची वर्षे धरायची नाहीत, असे कायदा स्पष्ट सांगतो. तिसरा हिशेब निवृत्तीच्या पात्रतेचा. तिथे २० वर्षांची सेवा लागते आणि शिष्यवृत्तीची वर्षे तिथेही बाद. ज्या ४५ दिवसांत विद्यार्थी गणवेश घालून लष्करी रुग्णालयात काम करतो, तेही बाद. एक अपवाद आहे: त्या सेवेत असताना शारीरिक अपंगत्व आले, तर अपंगत्वाच्या निवृत्तीसाठी तो काळ मानला जातो.

चौथा हिशेब बांधिलकी फेडण्याचा, आणि इथे चित्र उलटे होते. लष्करी रुग्णालयात केलेली रेसिडेन्सी पगाराच्या आणि निवृत्तीच्या हिशेबात सेवा ठरते, पण शिष्यवृत्तीची फेड म्हणून ती चालत नाही. म्हणजे शिक्षणाची वर्षे हुद्द्याला चालतात पण पेन्शनला नाहीत, आणि रेसिडेन्सीची वर्षे पेन्शनला चालतात पण फेडीला नाहीत. एकाच माणसाच्या सलग सात वर्षांचे चार निरनिराळे अर्थ लागतात.

आकड्यांत मांडून पाहू. २६ व्या वर्षी पदवी घेतलेला डॉक्टर लष्करी रुग्णालयात इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी करतो आणि मग चार वर्षे फेड करतो. ३३ व्या वर्षी तो मोकळा होतो, तेव्हा निवृत्तीच्या हिशेबात त्याची सात वर्षे जमा असतात आणि १३ उरलेली असतात. शिष्यवृत्तीची चार वर्षे धरली असती, तर उरली असती नऊच. ३३ वर्षांच्या, बाहेरच्या रुग्णालयांकडून भरघोस पगाराचे निरोप येत असलेल्या डॉक्टरसाठी नऊ आणि तेरा यांतले अंतर फार मोठे आहे. नऊ असती तर बरेच जण राहिले असते. तेरा पाहून पाय बाहेर पडतो.

हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. १५ सप्टेंबर १९८१ पूर्वी डॉक्टर अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची वर्षे पगाराच्या हिशेबातही धरली जात. अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींचा नवा कायदा लागू झाला आणि ती सवलत गेली. जे आधीच दाखल झाले होते, त्यांना मात्र जुना नियम राहिला. आज ती उणीव डॉक्टरांसाठीचे विशेष वेतन आणि राहण्यासाठीचे बोनस भरून काढतात. पण ही रक्कम पेन्शनच्या हिशेबात येत नाही. पेन्शन निघते ती फक्त मूळ पगारावर: सर्वाधिक पगाराच्या ३६ महिन्यांची सरासरी, गुणिले सेवेची वर्षे, गुणिले ठरावीक टक्के. जुन्या योजनेत हा दर वर्षाला अडीच टक्के होता. १ जानेवारी २०१८ पासून आलेल्या संमिश्र योजनेत तो दोन टक्के आहे, आणि जोडीला बचत खात्यात सरकारचा वाटा. गंमत अशी की यांपैकी कोणती योजना लागू हे ठरवताना शिष्यवृत्तीच्या वेळी घेतलेल्या शपथेची तारीख पाहतात. चार वर्षे मोजायची नाहीत, पण त्यांचा पहिला दिवस मात्र मोजायचा!

बेथेस्डाच्या विद्यापीठात शिकणाऱ्यांचा नियम आणखी वेगळा. ते विद्यार्थी शिकतानाच पूर्ण पगारी सेवेत असतात आणि पुढे सात वर्षे देतात. तिथली चार वर्षे २० वर्षांची अट पुरी करायला उपयोगी पडत नाहीत, पण अट पुरी झाली की पेन्शनची टक्केवारी काढताना ती जमेस येतात. मुक्काम गाठलेल्यालाच ती मिळतात.

राखीव दलासाठीचा अपवाद तर याहून बोलका आहे. शिष्यवृत्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, प्रत्यक्ष सेवेची बांधिलकी फेडली, युद्धकाळात अत्यावश्यक ठरवलेल्या शाखेतले प्रावीण्य हाती आहे आणि त्यानंतरही डॉक्टर निवडक राखीव दलात राहिला, तर शिक्षणाच्या एका वर्षामागे निवृत्तीचे ५० गुण देता येतात. तेही राखीव दलातल्या प्रत्येक समाधानकारक वर्षाअखेरीस एक वर्ष, या गतीने. ज्या वर्षांना एका कलमाने सेवा मानायचे नाकारले, त्याच वर्षांना पुढच्या उपकलमाने सेवेचे मोल दिले. फरक इतकाच की मधल्या काळात सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची राखीव दलाला गरज होती.

आमच्या मते या साऱ्याचे सार इथे आहे. सेवाकाल मोजण्याचे नियम मागच्या कष्टांचे मोजमाप करत नाहीत. डॉक्टरने पुढे किती काळ थांबावे, याची ती किंमत असते. नेमणूक करणाऱ्याला माणसे हवी असतात तेव्हा जुनी वर्षे जिवंत होतात, आणि पुरेशी माणसे असली की ती मिटतात. म्हणून ‘आम्ही गणवेशात होतो, आमची चार वर्षे धरा’ हा नैतिक दावा फारसा टिकत नाही. शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, विद्यावेतन दिले, हुद्द्यात चार वर्षांची आघाडी दिली. त्याच वर्षांचे पेन्शनमध्ये पुन्हा मोल मागणे म्हणजे एका वर्षाची किंमत दोनदा मागणे आहे, असे सरकार म्हणू शकते आणि ते चुकीचे नाही. ४५ दिवसांच्या प्रत्यक्ष सेवेबाबत मात्र आमचा कौल डॉक्टरांच्या बाजूने आहे. त्या दिवसांत विद्यार्थी लष्करी शिस्तीखाली असतो, कामावर असतो आणि अधिकाऱ्याच्या दराने पगार घेतो. त्याला सेवा न म्हणण्याचे सबळ कारण आम्हाला दिसत नाही.

आता आपल्याकडे वळू. एएफएमसीची स्थापना १ मे १९४८ ची. एमबीबीएसची शाखा ऑगस्ट १९६२ मध्ये सुरू झाली, आणि आज ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहे. विद्यार्थी येथे कॅडेट म्हणून शिकतो. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याला लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळते आणि इंटर्नशिप सैन्याच्या रुग्णालयांत, अधिकाऱ्याच्या गणवेशात होते. नागरी महाविद्यालयातल्या त्याच्या मित्राची इंटर्नशिप कुठल्याच सेवेत मोजली जात नसताना याचे ते वर्ष कमिशन्ड सेवेत पडते. त्याआधीची साडेचार वर्षे मात्र कॅडेटपणाची. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनासाठी किमान २० वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. कायम कमिशन मिळालेल्याला ती गाठता येते. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाल्याची मुदत त्याआधीच संपते, आणि तो ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडतो. अठराव्या वर्षी सही करणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना या दोन वाटांतला फरक कोणी समजावून सांगितलेला असतो का?

इथेच अमेरिकेच्या कायद्यातले एक कलम आपण उचलण्यासारखे आहे, ते म्हणजे अपंगत्वाचा अपवाद. वर्षे मोजायची नसतील तर नका मोजू, पण त्या वर्षांत शरीराचे जे नुकसान झाले ते तरी मोजा, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे लष्करी प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, त्यानंतर त्यांच्या उपचारांच्या सोयीबाबत हालचाल झाली. प्रशिक्षणाचा काळ सेवेत धरायचा की नाही, यावर धोरणकर्त्यांनी खुशाल वाद घालावा. पण इजेपुरता तो सेवेचाच काळ मानायला हवा, यावर आपल्या व्यवसायाने एकमुखाने बोलावे. जखम पाहून तिचे कारण ठरवणारे आपणच असतो.

दुसरी मागणी कागदाची. आपल्याकडचे बॉण्ड वाचले तर दंडाची रक्कम ठळक असते आणि बाकीचे सारे ‘शासनाच्या वेळोवेळीच्या नियमांनुसार’ या शब्दांत गुंडाळलेले असते. प्रत्येक शिष्यवृत्तीच्या किंवा बॉण्डच्या कागदाला एक पानाचा तक्ता जोडावा. एका बाजूला वर्षे: शिक्षणाची, इंटर्नशिपची, बॉण्डची, पीजीची. दुसऱ्या बाजूला हिशेब: हुद्दा आणि ज्येष्ठता, पगारवाढ, पेन्शनची पात्रता, पेन्शनची रक्कम, बांधिलकीची फेड. प्रत्येक चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’. हे शासनाला अवघड नाही. ज्या नियमांवर ते हिशेब करते, तेच लिहून द्यायचे आहेत. सही केल्यानंतर नियम बदलले, तर आधी सही केलेल्यांना जुने नियम लागू राहतील, ही ओळही त्या पानावर असावी. १९८१ मध्ये अमेरिकेने निदान इतके केले होते.

आणि तक्ता मिळेपर्यंतचे काम आपले. सल्ला मागणाऱ्याला ‘लष्करात चांगले करिअर आहे’ किंवा ‘बॉण्डच्या भानगडीत पडू नकोस’ असे एका वाक्यात वाटेला लावू नये. त्याला हे सारे हिशेब स्वतः विचारायला लावावे आणि उत्तरे लेखी घ्यायला सांगावे. ३३ व्या वर्षी राहायचे की निघायचे, हे तो त्या वेळी ठरवेलच. ते ठरवताना किती वर्षे उरली आहेत, हे त्याला पहिल्यांदाच कळता कामा नये.