हरकती कुठे नोंदवायच्या?

2023 साली आमचा जिल्हा उस्मानाबादचा धाराशिव झाला. त्या वेळी जिल्हा, तालुका, गाव यांच्या नावांबद्दल सरकारने रीतसर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. पण बदल करण्याआधी लोकांना विचारायचं असतं, निदान विचारल्यासारखं करायचं असतं, एवढा रिवाज पाळला गेला. माकणीतल्या एका सेवा केंद्राच्या संगणकाने रातोरात स्वतःचा पडदा बदलून टाकला, तेव्हा त्याने तेवढंही केलं नाही.

माकणी म्हटलं की बाहेरच्यांना निम्न तेरणाचं धरण आठवतं. गावात मात्र जुलै उजाडला की बोलणं पीक विम्याचं. सोयाबीन वर आलेलं असतं आणि सेवा केंद्रासमोर चपलांचा ढीग असतो. केंद्र चालवणारा पोरगा डोक्याने तल्लख. त्याने दोन पडदे लावले होते, एक स्वतःकडे तोंड करून, दुसरा गिऱ्हाइकाकडे. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर अक्षरं दीडपट केलेली. कारण साधं आहे. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरं असलं की पुढे पैसे अडकतात. म्हणून म्हातारी माणसं अर्ज पुढे जाण्याआधी आपलं नाव आपल्या डोळ्यांनी वाचून घेतात, बोट ठेवून, एकेक अक्षर. ती दीडपट अक्षरं हौसेची नव्हती.

सकाळी केंद्र उघडलं तर अक्षरं मुंगीएवढी. वर दोन पडद्यांची अदलाबदल झालेली. उजवीकडे जायचं तर माऊस डावीकडे न्यायचा.

“आरं, बारीक झालंय की सगळं. माझं नाव कुठंय ह्यात?”

“मामा, मी कायबी केलं न्हाई. रात्री अपडेट आलंय.”

“आलंय म्हंजी? आणलं कुणी?”

मामांचा प्रश्न बिनतोड होता. पोरगा मान खाली घालून सेटिंग शोधत राहिला आणि रांग दारापर्यंत गेली.

असं होतं कसं, ते बघू. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक छोटी नोंद असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ नोंद अवघ्या 128 बाइटांची. बनवणारी कंपनी कोण, पडदा किती सेंटिमीटर रुंद, त्यावर आडवे-उभे ठिपके किती, हे मॉनिटर संगणकाला त्यातून सांगतो. पडदा चालवणारा ड्रायव्हर बदलला की पुष्कळदा संगणक आधीचं विसरतो, ही नोंद पुन्हा वाचतो आणि ‘शिफारस केलेलं’ माप लावून मोकळा होतो. शिफारस पडद्याच्या तब्येतीवरून केलेली असते. समोर बसलेल्या माणसाला मोतीबिंदू आहे का, त्याचा चष्मा किती वर्षांचा आहे, हे त्या 128 बाइटांत कुठेच नसतं. ते कळायला एकच वाट होती, पोराने हाताने केलेली सेटिंग. नेमकी तीच पुसली गेली.

गंमत अशी की तुम्ही-आम्ही पडद्याचं रिझोल्युशन बदललं, तर हाच संगणक किती सावध होतो! ‘हे बदल ठेवायचे का?’ असं विचारतो, पंधरा सेकंद मोजतो आणि उत्तर आलं नाही तर गुपचूप पूर्वीचं लावतो. न जाणो पडदा काळा झाला असेल, माणसाला काही दिसतच नसेल, हा विचार त्यामागे आहे. उत्तम विचार आहे. पण बदल करणारा माणूस असला तर पंधरा सेकंदांचा पंचनामा, आणि संगणक स्वतः असला तर काहीच नाही?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिनक्सवर एके काळी मॉनिटरच्या आडव्या-उभ्या लहरींचे आकडे माणसाला स्वतः फाइलीत लिहावे लागायचे. आकडा चुकला तर जुना काचेचा मॉनिटर बिघडू शकतो, असा इशाराही असायचा. आज वायर खोचली की चित्र येतं, हे स्वयंचलित शोधाचे उपकार आहेत. शिवाय प्रत्येक गोष्ट विचारत बसलं तर माणसं न वाचता ‘ओके’ दाबतात. बँकेत पेन्सिलीची फुली दिसेल तिथे सही करतात तशी. तेव्हा सगळ्यांना सगळं विचारा, असं माझं म्हणणं नाही. जिथे माणसाचा हात लागला आहे, तिथे विचारा.

आणि हात कुठे लागलाय हे कळतं. डेबियन नावाची एक मुक्त संगणक प्रणाली आहे, 1993 साली सुरू झालेली. तिच्यात सेटिंगच्या फाइलीचा ठसा घेऊन ठेवतात. नवी आवृत्ती बसवताना ठसा जुळला तर माणसाने काही बदललेलं नाही, खुशाल नवी फाइल ठेवा. जुळला नाही तर थांबून विचारलं जातं: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, आमची नवी घ्यायची, तुमची ठेवायची, की दोन्हींतला फरक बघायचा? काहीही न निवडता नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. पडद्याच्या फाइलीच्या माथ्यावर तर पूर्वी लिहिलेलंच असायचं की, तुम्ही हात लावला नसेल तरच ही आपोआप बदलेल. एवढी जुनी सोय आहे ही. म्हणजे अडचण तंत्राची नाही. आपण ठरवलंय तेच बरं, ही त्यातली खोड आहे.

त्या पोराच्या संगणकावर आणखी एक गोष्ट पुसली गेली होती, ती मामांच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. त्याने मराठी वळणाचा फॉन्ट लावला होता. अपडेटनंतर ब्राउझर आपल्या मूळ फॉन्टवर गेला आणि ‘लोहारा’ या आमच्या तालुक्याच्या नावातला ल हिंदी वळणाचा, दांडीवाला झाला. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये प्रमाण देवनागरीचा निर्णय काढला, 2022 मध्ये तो सुधारून पुन्हा काढला. त्यात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श धरला आहे. पण युनिकोडमध्ये दोन्ही ल चा क्रमांक एकच. पाकळी दिसणार की दांडी, हे फॉन्ट ठरवतो. आणि काही फॉन्टांत दोन्ही वळणं असली तरी मजकुरावर मराठीची खूण लावल्याशिवाय पाकळी बाहेर येत नाही. खूण नसली की दांडी. वाचता येतं, नाही असं नाही. पण शाळेत गिरवून घेतलेला ल तालुक्याच्या नावात दिसू नये, याचा मला राग येतो. शासन निर्णय मंत्रालयातून निघून माकणीपर्यंत येतो आणि फॉन्टच्या यादीतल्या पहिल्या नावाशी हरतो.

याहून मोठा प्रकार देशाने ऑगस्ट 2018 मध्ये पाहिला. कुणीही सेव्ह न केलेला ‘यूआयडीएआय’चा हेल्पलाइन नंबर असंख्य लोकांना आपल्या मोबाइलमध्ये सापडला, तोही जुना, बंद झालेला. आधार प्राधिकरणाने आपण काही केलं नाही म्हणून सांगितलं. मग गूगलने कबूल केलं की 2014 मध्ये फोन कंपन्यांना दिलेल्या अँड्रॉइडच्या सेटअपमध्ये तो नंबर आमच्याकडून चुकून गेला होता. लोक हादरले ते नंबरामुळे नाही. आपल्या खिशातल्या वहीत दुसरा कुणीतरी लिहून गेला आणि आपल्याला वर्षानुवर्षं पत्ता नव्हता, याने हादरले.

ज्यांची अशी केंद्रं आहेत त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. बहुतेक संगणकांत अपडेट काही आठवडे थांबवून ठेवता येतं. विम्याच्या गर्दीत ते थांबवा, गर्दी ओसरली की आठवणीने चालू करा. कायमचं बंद ठेवू नका, कारण त्याच अपडेटमध्ये चोरांना रोखणारी दुरुस्तीही असते. पडद्याच्या सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, टक्के आणि फॉन्टचं नाव दिसेल असा. आमच्या पोराने पुढच्या खेपेला एवढंच केलं. अपडेट आलं, पडदा बदलला, त्याने फोटो बघून मामांचं नाव पुन्हा दीडपट केलं. मामांनी सातबाऱ्याशी ताडून बघितलं. वडिलांच्या नावात वेलांटी चुकली होती.