क्षयरुग्णांमधील सीडी-४ पेशी : आकडा एक, अर्थ दोन

नवी दिल्ली : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २६ टक्के क्षयरुग्ण भारतात आहेत. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारणही क्षयरोगच आहे. या पार्श्वभूमीवर रुग्णाच्या रक्तातील सीडी-४ पेशींच्या संख्येचा नेमका अर्थ लावणे महत्त्वाचे ठरते.

सीडी-४ पेशी रोगप्रतिकार यंत्रणेचे सूत्रसंचालन करतात. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ५०० ते १,५०० असतात. एचआयव्ही याच पेशींवर हल्ला करतो. मात्र, एचआयव्ही नसलेल्या अनेक क्षयरुग्णांमध्येही त्यांची संख्या घटलेली आढळते. क्षयरोगावरील उपचारांनंतर ती बहुतांशी पूर्ववत होते. त्यामुळे केवळ घटलेल्या आकड्यावरून एचआयव्हीचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणीच आवश्यक ठरते.

एचआयव्हीबाधित क्षयरुग्णाची स्थिती वेगळी असते. क्षयरोगाची औषधे जिवाणूंचा नाश करतात. परंतु विषाणूमुळे होणारी पेशींची हानी एआरटी उपचारांशिवाय थांबत नाही. ही संख्या २०० च्या खाली गेल्यास निदानही अवघड होते. फुप्फुसात पोकळ्या कमी पडतात, थुंकीत जिवाणू कमी सापडतात आणि क्ष-किरण चित्र फसवे असू शकते. धोका सर्वाधिक असतो, तेव्हाच पुरावा सर्वांत क्षीण असतो.

भारताने २०१७ मध्ये ‘तपासणी होताच उपचार’ हे धोरण स्वीकारले. एआरटी सुरू करण्यासाठी सीडी-४ चा आकडा खालावण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. हे पाऊल योग्यच होते. मात्र त्यामुळे ही चाचणी अनावश्यक ठरली, असे मानणे घातक ठरेल. २०० पेक्षा कमी संख्या ही प्रगत एचआयव्ही आजाराची खूण मानली जाते. अशा रुग्णांमध्ये इतर संधिसाधू संसर्गांचा शोधही तातडीने घ्यावा लागतो. अतिशय कमी संख्या असलेल्यांमध्ये लघवीवरील ‘लॅम’ चाचणीने, थुंकी मिळत नसतानाही, क्षयरोगाचा माग काढता येतो.

क्षयरोगाचे उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत एआरटी सुरू करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगात मात्र अधिक काळ थांबावे लागते. उपचार कोणाला द्यायचे, हे आता सीडी-४ ठरवत नाही. परंतु कोणाचा जीव अधिक धोक्यात आहे, हे तोच आकडा सांगतो. त्यामुळे एआरटी केंद्रांवर ही चाचणी नियमित उपलब्ध राहणे अत्यावश्यक आहे.