पुठ्ठा झालेली गोधडी

मी हौसेनं शिवून दिलेली गोधडी आजींनी दोन रात्री पांघरली. तिसऱ्या दिवशी ती तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून गेली. "पुठ्ठा हाय नुसता. वळत न्हाय, दुमडत न्हाय. अंगावर घ्यायची का भिताडाला टेकवायची?"

आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. त्या लग्न होऊन मारुंजीत आल्या तेव्हा घरासमोर भाताची खाचरं होती. आता पडवीत बसलं की हिंजवडीच्या आयटी इमारतींचे दिवे दिसतात. गाव एवढं बदललं, आजींची जीभ होती तिथंच आहे.

मला लागलं, कारण शिवण हेच माझं पोट आहे. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मी मोटारींच्या सीटची कव्हरं शिवते. पहाटे लक्ष्मी चौकातून बस पकडायची, पाळीभर मशीनवर बसायचं. टाक्याची लांबी जरा इकडची तिकडे झाली की तुकडा परत येतो. अशा बाईच्या शिवणीला पुठ्ठा म्हणायचं म्हणजे काय!

घरात लगेच निदान झालं: मशीनवर शिवली ना, मग अशीच होणार. गोधडी हातानंच शिवायची, तिच्यात माया असते. हे सांगण्यात पुरुषमंडळी पुढे होती, ज्यांनी जन्मात शर्टाचं बटण लावलेलं नाही. पलीकडच्या टॉवरमध्ये दिवाळीआधी प्रदर्शन भरलं होतं, तिथंही हाताच्या गोधडीला 'आजीच्या मायेची ऊब' अशी चिठ्ठी आणि चार आकडी किंमत. किमतीबद्दल माझी तक्रार नाही, हाताच्या कामाला दाम मिळालाच पाहिजे. मला ती चिठ्ठी खटकते. राबणाऱ्या बाईच्या कष्टाला माया म्हटलं की मजुरीचा प्रश्नच मिटतो.

आजींना विचारलं, तुमच्या वेळी कशी शिवायचा? "माया कसली? थंडी आसायची." भात झोडून झालं की पौषात दुपारी अंगणात लुगडी पसरायची, चार कोपऱ्यांना चार बायका. खाली पेंढा, वर वाकळ, तिच्यात तीन पोरं. सुई बोटात घुसून नखाखाली रक्त साकळायचं. "मशीन आसती तर आमी कशाला बोटं फोडून घेतली आसती?"

गांधीजींना १९२४ साली एका तरुणानं विचारलं होतं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. त्यांनी अपवाद सांगितला तो शिवणयंत्राचा. बायकोला हातशिलाईनं जेरीला आलेली बघून सिंगरनं तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं ते म्हणाले. सिंगरसाहेबांचे एकाच वेळी चाललेले अनेक संसार पाहता ही प्रेमकथा मला पचत नाही, पण गांधीजींचा मुद्दा आणि आजींचा मुद्दा एकच आहे. चरख्याच्या माणसाला जे यंत्र चाललं, ते गोधडीला का चालू नये?

मग पुठ्ठा का झाला? ते बघायला मी गोधडी उसवायला घेतली आणि तीन संध्याकाळी त्यात गेल्या. वरचं-खालचं कापड माझ्या सिंथेटिक साड्यांचं, मध्ये गादीवाल्याकडून आणलेला फोमसारखा थर, दोरा नायलॉनचा, टाका बारीक, ओळी बोटाबोटाच्या अंतरावर. थोडक्यात, मी गोधडी शिवलीच नव्हती, सीट शिवली होती. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात आणि थर जागच्या जागी आवळले जातात. हाताच्या धावदोऱ्यात दोरा एकच, वरखाली पळणारा. थर आत थोडे सरकतात, म्हणून गोधडी अंगाबरोबर वळते.

मी ब्लेडनं एकेक टाका कापत होते. आजी शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "जी उसवाया येत न्हाय ती गोधडी न्हवं."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. लुगडं विरलं की मधला फाटका भाग काढून दंड घालायचा. दंडही टिकेना की ते गोधडीत जायचं. गोधडीचा वरचा थर झिजला की ती उसवायची, नवं जुनेर घालायचं, परत शिवायची. शेवटी पोतेरं. म्हणजे शिवणाऱ्या बाईला दोरा घालतानाच ठाऊक असायचं की हा एक दिवस काढायचा आहे.

खरं तर कारखान्यात आम्हाला हे वेगळ्या तऱ्हेनं शिकवलेलं असतं. सीटच्या बाजूला एअरबॅग असते तिथली शिवण मुद्दाम अशी घालतात की धडक बसल्यावर ती नेमकी फाटली पाहिजे. दोरा वेगळा, टाके ठरलेले, प्रत्येक तुकड्याची नोंद. ती शिवण जास्त पक्की झाली तर माणूस जायचा. रोज हे हातानं करणारी मी घरी येऊन आजींना मात्र कधीच न सुटणारी गोधडी शिवून बसले.

दुसऱ्या खेपेला ट्रंकेतून आजींचंच सुती लुगडं मागितलं. त्यांनी दोन काढली, एक दिलं आणि एक परत ठेवलं. "त्ये पुढल्या खेपंला." हिशेब सोपा आहे. नऊ वार म्हणजे २७ फूट. चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबी, ४५ इंच पन्हा. एका माणसाची गोधडी, चार थरांची, एकही कात्री न लावता. वर जोडकामाचा थर: नऊ इंचांचे चौकोन, आडवे पाच, उभे नऊ, एकूण ४५. शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच सोडून दहा इंचांचे कापले. त्यात सासऱ्यांचे सदरे आहेत, पोरीचा शाळेचा फ्रॉक आहे, माझ्या बाळंतपणातलं दुपटं आहे.

आधी हातानं लांब कच्चे टाके घातले. घरच्या पायमशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं आणि चुण्या पडतात. मग टाक्याचा खटका सगळ्यात मोठ्या टाक्यावर, दोऱ्याचा ताण सैल, दोरा सुती, ओळी चार-चार बोटांवर, सुरुवात मधून आणि मग कडेकडे. दोन रविवारी झाली.

रस्त्याकडेला पाल ठोकून, मशीन मांडून जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देणारे बसतात, त्यांना आपल्याकडे नाक मुरडतात. मला विचाराल तर प्रदर्शनांपेक्षा त्यांनीच गोधडी जास्त जगवली आहे. घरातलं जुनेर घेऊन गेलात की तासाभरात पांघरूण हातात, आणि ते जुनेर तुमच्याच घरातलं असतं. फक्त सुती साड्या न्या, आणि म्हणा, दादा, टाका मोठा ठेवा.

नवी गोधडी आजींनी उलटीसुलटी केली, चुरगळली, गालाला लावली. बोलल्या काहीच नाहीत. रात्री घेऊन झोपल्या. सकाळी घडी घालताना एका कोपऱ्यातली वीतभर शिवण मोकळी दिसली. दोरा तुटलेला नव्हता, सेफ्टी पिनेनं अलगद काढून गुंडाळून ठेवला होता.

"आजी, हे तुम्ही उसवलंत?"

"सुटती का बघितलं," त्या म्हणाल्या. "सुटती. सुई दे, घालते परत."