मस्करी नाहीये, पण…

घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख किती मिनिटं लागतात, हे विचारू नका. किती गाणी होतात ते विचारा. या ट्रॅफिकमध्ये हल्ली इअरफोनमधून कोरियन गिटारही वाजते. ‘डे-सिक्स’ या बँडचं ‘जांगनान आनिंदे’ घ्या. २०१७ मध्ये हा बँड दर महिन्याला दोन नवी गाणी काढत होता, त्यातलं हे एप्रिलचं. विषय साधा : प्रेमात पडायचं नव्हतं राव, पडलो! रडारड नाही, ड्रम्स सुसाट.

हे आपल्याला जवळचं का वाटतं? के-ड्रामाची क्रेझ, हे उत्तर फारच सोपं झालं. खरी गंमत भाषेत आहे. मराठीसारखंच कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येतं. म्हणजे कबुली वाक्याच्या टोकापर्यंत लांबवता येते. त्यात शेवटचं ते ‘-न्दे’ वाक्य लटकतंच ठेवतं, ‘मस्करी नाहीये, पण…’ असं. अहो-जाहो की अरे-तुरे, हेही तिकडे क्रियापदावरूनच कळतं. इंग्रजी सबटायटलमध्ये हा सगळा संकोच गळून पडतो.

आणि आपण? ‘सिच्युएशनशिप’ म्हणायचं, मीम पाठवायचं आणि मोकळं व्हायचं. सिरिअस दिसलो तर ग्रुपवर हसतील, ही भीती. गाण्यातला पोरगाही गोंधळलेलाच आहे, पण निदान मोठ्या आवाजात. मराठीत असा बिनधास्त बँड हवाय. कासारवडवलीतल्या एखाद्या सोसायटीत कुणी ड्रमसेट लावलाच, तर आधी कमिटीची नोटीस येईल, ते वेगळं.