दोन निवडणुकांमधला काळ

रायपूरहून नागपूरकडे निघालेली आगगाडी खारुन नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात कुम्हारीचे स्थानक येते. काही मैल पुढे भिलाईच्या झोतभट्ट्या. कुम्हारी हे गाव दुर्ग जिल्ह्यात मोडते आणि त्याचा कारभार त्याची स्वतःची नगरपालिका पाहते. लोकशाहीचा अर्थ समजून घ्यावयाचा तर दिल्लीच्या संसदेकडे बोट दाखविण्याची आपणांस सवय आहे. परंतु नळाचे पाणी, गटार, दिवाबत्ती आणि घरपट्टी या चार गोष्टी ज्या ठिकाणी ठरतात, तेथे हा अर्थ अधिक स्पष्ट दिसतो, असे आम्हांस वाटते. म्हणून या वेळी कुम्हारी आणि तिच्या आसपासचा मुलूख.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत आपण 'लोकशाही' म्हणतो. आदिलशाही, निजामशाही या शब्दांच्या पंक्तीत तो शब्द सहज बसतो. गादी तीच, तिच्यावर आता लोक बसले, एवढेच चित्र त्यातून डोळ्यांपुढे येते. आपल्या संविधानाच्या हिंदी पाठात मात्र 'लोकतंत्रात्मक' असा शब्द आहे. तो पाठ ज्या समितीने सिद्ध केला, तिचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे याच दुर्ग शहराचे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेचे ते सभापती होते; म्हणजे नागपूर, अमरावतीच्या मराठी सभासदांपासून छत्तीसगडच्या हिंदी सभासदांपर्यंत सर्वांना बोलण्याची पाळी देण्याचे काम त्यांच्याकडे होते. 'शाही' म्हटले की सत्ता कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. 'तंत्र' म्हटले की ती चालते कशी, हा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे खरे. पण दुसऱ्याकडे आपले दुर्लक्ष फार होते.

या मुलखाने पूर्वी मराठ्यांचे राज्य पाहिले आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर नागपूरहून नेमलेले सुभेदार येऊ लागले. राज्यकर्ता चांगला निघाला तर रयतेचे भाग्य, वाईट निघाला तर तिचे दैव. सुभेदार बदलावा असे वाटणाऱ्या कुणब्यापाशी अर्ज-विनंतीपलीकडे उपाय नव्हता. गाव सोडून जाणे, एवढाच काय तो शेवटचा मार्ग. पुढे इंग्रजी अंमलात कायदा आला, कचेरी आली, पण अंमलदार नेमण्याची दोरी वरच राहिली.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर त्याची वसाहतही आखून बांधली गेली: सरळ रस्ते, रांगेतली घरे, झाडे, शाळा, रुग्णालय. या वसाहतीची देखभाल कारखान्याचेच नगरसेवा खाते पाहत आले आहे. कित्येक छोट्या नगरपालिकांना हेवा वाटावा अशी ती व्यवस्था. वसाहतीतील रहिवासी विधानसभेला मत देतात, महापालिकेलाही देतात. परंतु त्यांच्या दारातील रस्ता डागडुजी करणारा अधिकारी त्यांच्या मताने येत नाही आणि त्यांच्या मताने जातही नाही. कारखान्याच्या वसाहतीत तसे असण्यात गैर काही नाही. सांगावयाचे एवढेच की, रस्ता चांगला असणे हे सुशासनाचे लक्षण आहे, लोकशाहीचे नव्हे. कुम्हारीचा रस्ता कदाचित खड्ड्यांचा असेल, पण त्या खड्ड्याबद्दल ज्याला जाब विचारावयाचा, त्याला पुन्हा आपल्याच दारी मत मागण्यासाठी यावे लागते. कार्यक्षम हुकूमत पाहून भुलणारे लोक हा फरक विसरतात, आणि असे लोक सुशिक्षितांतच अधिक भेटतात.

परंतु तो मत मागण्यासाठी येणार पाच वर्षांनी. मधल्या काळात काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे येथे वकिलांपुढे केलेल्या भाषणात याच प्रश्नाला हात घातला होता. लोकांच्या आर्थिक व सामाजिक जीवनात रक्तपाताशिवाय क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती, अशा आशयाची व्याख्या त्यांनी त्या दिवशी केली. पुढे त्यांनी सांगितले की सत्ताधाऱ्याला अडविणारा कोणीतरी सतत हवा; दर पाच वर्षांनी मिळणारा नकाराधिकार पुरेसा नाही, तत्काळ वापरता येईल असाही हवा. संसदेत तो विरोधी पक्ष बजावतो, म्हणून त्याला त्यांनी एवढे महत्त्व दिले. ज्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉक्टर स्वतः पराभूत झाले, ती त्याच वर्षी पार पडली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विचाराचे वजन अधिकच जाणवते.

नगरपालिकेत हा तत्काळ नकार कोणी द्यावा? दुर्ग जिल्ह्याने याचे एक उत्तर प्रत्यक्ष पाहिले आहे. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या नगरपालिका कायद्यात अध्यक्षाला मुदतीपूर्वी परत बोलाविण्याची तरतूद झाली होती आणि २००० साली छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा ती नव्या राज्याकडेही आली. निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी किमान तीन-चतुर्थांशांनी सह्या करून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाचा. त्यांनी सह्या पडताळून तो शासनाकडे पाठवावयाचा. आणि मग निवडणूक आयोगाने गावाचे गुप्त मतदान घ्यावयाचे. अध्यक्ष निवडून आल्यापासून दोन वर्षे लोटल्याखेरीज हे करता येत नसे. जून २००८ मध्ये गुंडरदेही व नवागढ, ही दोन्ही गावे तेव्हा दुर्ग जिल्ह्यात होती, आणि सरगुजा जिल्ह्यातील राजपूर, अशा तीन नगर पंचायतींत असे मतदान झाले. तिन्ही ठिकाणी लोकांनी अध्यक्षांना घरी पाठविले. मध्य प्रदेशात अशा मतदानाच्या वेळी चिन्हे दोनच असत: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. अक्षरशत्रू मतदारालाही कळावी अशी ही योजना. कोणी सुचविली असेल त्याला लोकांची नाडी ठाऊक असली पाहिजे.

आता हे सारे जसे दिसते तसे निर्मळ नाही. मतदान लोकांनी केले हे खरे, पण दार उघडण्याची किल्ली नगरसेवकांच्या हाती होती. अध्यक्ष लोकांशी वाईट वागला तरी नगरसेवकांना सांभाळून असला तर प्रस्ताव येणारच नाही. आणि नगरसेवकांच्या गैरमागण्यांना नकार देणारा सचोटीचा अध्यक्ष असला तर मात्र सह्या भराभर गोळा होतील. तरीही शेवटचा शब्द गावाचा राहिला, हा त्या तरतुदीचा गुण मानावा लागेल. अध्यक्ष थेट लोकांनी निवडावा की नगरसेवकांनी, याविषयीही अजून एकमत नाही. छत्तीसगडात २०१९ च्या निवडणुकीपूर्वी थेट निवडणूक बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातील वाचकांनी हसू नये. आपल्याकडे नगराध्यक्षांची थेट निवड २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. सरकार बदलले की नियम बदलतो, आणि तो आपल्या सोयीने बदलला जातो की गावाच्या, हे कोणी विचारीत नाही. खेळ चालू असता मैदानाच्या रेषा पुसून पुन्हा आखण्याचाच हा प्रकार.

परत बोलाविण्याचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. ती रोज करता येत नाही. रोजच्या उपयोगाचा उपाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिला आहे, आणि तो वापरण्यासाठी कोणाच्याही तीन-चतुर्थांश सह्या लागत नाहीत. कुम्हारीतील एखाद्या गृहिणीला आपल्या आळीतील गटारावर नगरपालिकेने किती खर्च केला हे जाणून घ्यावयाचे असेल, तर साध्या कागदावर अर्ज पुरतो. कारण सांगावे लागत नाही. सर्वसाधारणपणे तीस दिवसांच्या आत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास शुल्कही पडत नाही. पुष्कळांना ठाऊक नसते, पण या कायद्यान्वये कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि त्यात वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. म्हणजे रस्त्यात सिमेंट किती आणि वाळू किती, हे मूठभर माल हातात घेऊन पाहण्याचा हक्क तेथे राहणाऱ्या माणसाला आहे.